डोंगर अवघड कशाने होतो?

डोंगर किती उंच आहे हे विचारावे आणि त्यावरून तो किती अवघड आहे हे ठरवावे, अशी आपणा सर्वांना सवय आहे. ही सवय किती फसवी आहे, हे एका साध्या तुलनेवरून ध्यानात येईल. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. ब्रिटनमधील सर्वांत उंच डोंगर म्हणजे स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस. तो १,३४५ मीटर, म्हणजे कळसूबाईहून तीनशे मीटरांनी ठेंगणा. परंतु कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मुळातच उंचावर वसलेले आहे, तर बेन नेव्हिसचा पायथा जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. तेव्हा ठेंगण्या डोंगरावर चढ मात्र अधिक पडतो. बरे, चढ अधिक म्हणून बेन नेव्हिस अवघड म्हणावा, तर त्याच्यावर १८८३ साली घोडी नेण्याकरिता बांधलेली रुंद वाट आहे आणि उन्हाळ्यात त्या वाटेने हजारो माणसे वर जाऊन येतात. उलट टॉरिडन भागातला लीअगाख १,०५५ मीटरच आहे. पण मुरलेला माणूसही त्याच्या धारेवर विचार करूनच पाऊल टाकतो.

मग डोंगर अवघड कशाने होतो? आणि चढून गेल्यावर ‘श्रम सार्थकी लागले’ असे कोणत्या डोंगरावर वाटते? या दोन प्रश्नांचा विचार आम्ही स्कॉटलंडच्या डोंगरांच्या आधाराने करणार आहोत. तिकडे डोंगर चालणे हा लोकांचा छंद आहे. दोर, खिळे, हातोडी घेऊन कडे चढणाऱ्यांचा तो खेळ नव्हे आणि हवा खायला निघालेल्यांची रपेटही नव्हे. पायांनी, क्वचित हातांचा आधार घेऊन, दिवसभर डोंगर तुडवण्याचा तो प्रकार आहे. आमची या डोंगरांशी ओळख पुस्तकांतून आणि नकाशांवरून झालेली. कामगार चळवळीचा इतिहास वाचता वाचता आम्ही या डोंगरांपाशी येऊन पोहोचलो. चळवळीचा आणि डोंगराचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो पुढे उलगडेलच.

प्रथम यादीची गोष्ट. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली, तीन हजार फुटांवरील, म्हणजे ९१४ मीटरांवरील, स्कॉटिश डोंगरांची यादी प्रसिद्ध केली. असे डोंगर थोडेच असतील असा तोपर्यंत लोकांचा समज होता. यादीत निघाले २८३. पुढे मोजमापे सुधारली, काही नावे गळली, काही नवी आली, आणि २०१२ पासून हा आकडा २८२ वर स्थिरावला आहे. या डोंगरांना ‘मन्रो’ हेच नाव पडले आहे. रेव्हरंड रॉबर्टसन यांनी १९०१ मध्ये सर्व मन्रो प्रथम पुरे केले असे मानले जाते. त्यानंतर सात हजारांहून अधिक लोकांनी आपली नावे त्या पंक्तीत नोंदवली आहेत. मौज अशी की, खुद्द मन्रोसाहेब १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचीच यादी पुरी व्हायची राहिली होती.

त्यांना जो राहिला, त्यात स्काय बेटावरच्या कूलिन रांगेतला एक सुळका होता. त्याचे नावच मुळी ‘अगम्य सुळका’ असे आहे. उंची ९८६ मीटर. डोंगराच्या माथ्यावर कोणी दगडाची भली मोठी फळी कडेवर उभी करून ठेवावी, तसे त्याचे रूप. १८८० साली पिल्किंग्टन बंधू त्याच्यावर प्रथम चढले. २८२ मन्रोंपैकी हा एकच असा की, तेथे चालून भागत नाही. कातळ चढावा लागतो आणि उतरताना दोर लावून खाली सुटावे लागते. कातळवीरांच्या मते ती चढाई सोपी आहे. पण दोन्ही बाजूंना खोल दरी आणि मध्ये अरुंद धार, अशा जागी चालणाऱ्या माणसाला ‘सोपी’ या शब्दाचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून पुष्कळजण येथे पैसे मोजून जाणता वाटाड्या घेतात, आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही.

कूलिनचा खडक हा आणखी एक धडा आहे. तो मुख्यतः गॅब्रो जातीचा, म्हणजे जमिनीच्या पोटात सावकाश थिजलेल्या शिलारसाचा. भरड असल्यामुळे तो बुटाला छान धरून ठेवतो. पण त्यात मधूनमधून बेसाल्टच्या पट्ट्या घुसलेल्या आहेत आणि त्या ओल्या झाल्या की निसरड्या होतात. शिवाय या खडकात चुंबकत्व असल्यामुळे होकायंत्राची सुई तेथे भलतीकडेच वळते. याच बेटाच्या उत्तर भागात लाव्ह्याचे थरावर थर आहेत. आपला सह्याद्री घडवणारे लाव्हे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, तर स्कायचे सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे. या थरांच्या पायऱ्या पडतात, म्हणून जिन्याला असलेल्या स्वीडिश शब्दावरून भूशास्त्रात ‘ट्रॅप’ हे नाव आले, आणि आपल्या पठाराला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणू लागले. घाटातल्या पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर पाहिलेल्या माणसाला स्कायचा उत्तर भाग अगदीच परका वाटू नये.

कातळाचा अवघडपणा हा पहिला प्रकार झाला. दुसरा प्रकार धारेचा. ग्लेन्को खोऱ्याच्या उत्तरेला ऊनाख एगाख नावाची धार आहे. नावाचा अर्थ ‘खाचाखाचांची धार’. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरील ही सर्वांत अरुंद धार म्हणून प्रसिद्ध आहे. येथे एखादी विशिष्ट जागा फार कठीण आहे असे नाही. अडचण वेगळीच आहे: एकदा धारेवर शिरले की मध्येच डावी-उजवीकडे उतरायला सुरक्षित वाट नाही. पुढे तरी जायचे, नाही तर आल्या वाटेने परतायचे. खाली हॉटेल दिसते, रस्त्यावरच्या मोटारी दिसतात, पण तेथे जाता येत नाही. कित्येक अपघात कंटाळून ‘इथूनच उतरू’ म्हणणाऱ्यांचे झाले आहेत. आमच्या संघटनेच्या कामात आम्ही तरुणांना नेहमी सांगतो की, संपात उतरण्याचा विचार दाराच्या आत करावा, दाराच्या बाहेर नव्हे. ऊनाख एगाखचा नियम हाच आहे. निर्णय पायथ्याशी घ्यायचा.

लीअगाख आणि अन चेलाख हे याच जातीचे, पण अधिक देखणे. अन चेलाख म्हणजे ‘लोहाराची भट्टी’. उंची १,०६२ मीटर. दोघांचेही अंग तांबूस वालुकाश्माचे, आडव्या थरांचे, आणि माथ्याकडे बुरुजासारखे सुळके. हे सुळके टाळून जाणाऱ्या पायवाटा बाजूने आहेत. परंतु कोठे कोठे त्याच झिजून, ढासळून अधिक धोक्याच्या झाल्या आहेत. वळसा घालणारी वाट नेहमी सोपीच असते, हा समज तेथे उपयोगी पडत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत कपटी. पूर्वेला केर्नगॉर्मचे विस्तीर्ण पठार आहे. बेन मॅकडूई, १,३०९ मीटर, हा ब्रिटनमधला दुसऱ्या क्रमांकाचा डोंगर याच पठारावर. धार नाही, सुळका नाही. उन्हाळ्यात एखादा आजोबा नातवाचा हात धरून चालावा अशी पुष्कळ जागा आहे. पण हिवाळ्यात तेथे आडोसा नावाची वस्तू नाही. २० मार्च १९८६ रोजी केर्नगॉर्मच्या माथ्यावर ताशी १७३ मैलांचा वारा नोंदला गेला. स्कॉटलंड आपल्यापेक्षा फार उत्तरेला असल्यामुळे डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम सात तासांचा. बर्फ पडू लागला आणि धुके उतरले की आभाळ व जमीन एकाच रंगाची होतात आणि पुढचे पाऊल कड्यावर पडते की सपाटीवर, हे कळत नाही.

नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबरोच्या शाळकरी मुलांची एक तुकडी या पठारावर वादळात सापडली. पठारावरच्या एका लहानशा निवाऱ्यापर्यंत पोहोचायचे असा बेत होता. तो निवारा गाठता आला नाही. दोन रात्री बर्फात गेल्या. पाच मुले आणि त्यांच्याबरोबरची शिकाऊ साहाय्यक अशा सहा जणांचा अंत झाला. ब्रिटनच्या डोंगरांवरील अत्यंत दुःखद घटनांत तिची गणना होते. तिच्यानंतर तिकडे दोन प्रश्नांवर मोठा खल झाला: मुलांना हिवाळ्यात डोंगरावर नेणाऱ्याचे शिक्षण कसे आणि किती असावे, आणि उंचावरचे निवारे माणसे वाचवतात की त्यांच्या भरवशावर माणसे नको तितकी पुढे जातात. शेवटी ते उंचावरचे निवारे काढून टाकण्यात आले. आम्हांला यातून जे दिसते ते असे: ज्या डोंगराचा आकारच भीतिदायक आहे, तो माणसाला आधीच सावध करतो. सौम्य डोंगर सावध करीत नाही. म्हणून तेथे सावधपणा घरूनच घेऊन जावा लागतो.

बेन नेव्हिसच्या माथ्यावरही हाच प्रकार आहे. रुंद वाटेने वर आलेला माणूस समजतो की उतरणे म्हणजे उलटे चालणे. परंतु माथ्याच्या उत्तरेला शेकडो मीटरांचे कडे आहेत आणि दुसऱ्या अंगाला घातकी घळी. ढग उतरले आणि वाट बर्फाखाली गेली, तर होकायंत्रावर एक दिशा धरून नेमके १५० मीटर चालायचे आणि मग दुसऱ्या दिशेला वळायचे, असा तेथला पाठ आहे. वळण लवकर घेतले तर एक घळ, उशिरा घेतले तर दुसरी. दीडशे मीटर म्हणजे आपली किती पावले, हे ज्याला ठाऊक नाही त्याने बर्फात तेथे जाऊ नये.

आता वेळेचा हिशोब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम सांगितला, तो आजही सर्वत्र वापरतात. सपाटीवर दर तीन मैलांना एक तास, आणि त्याशिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. बेन नेव्हिसला लावून पाहू. जाऊन-येऊन सुमारे साडेदहा मैल. त्याचे साडेतीन तास. चढ सुमारे ४,४०० फूट. त्याचे सव्वादोनच्या आत-बाहेर. एकूण पावणेसहा तास. प्रत्यक्षात सर्वसाधारण माणसाला सात ते नऊ तास लागतात. हा फरक कोठून आला? नेस्मिथचा हिशोब धडधाकट माणसाचा आहे. त्यात विश्रांती नाही, वारा नाही, ओला चिखल नाही, दुखरा गुडघा नाही. गिरणीत घड्याळ लावून कामाचा वेळ काढतात तेव्हाही प्रश्न हाच असतो, की घड्याळ कोणाच्या हातावर लावले? तगड्या माणसाच्या हातावर लावलेले घड्याळ साऱ्या खात्याला लागू केले, तर दमतो तो म्हातारा कामगार. डोंगरावर तुकडी निघाली की तिचा वेग हा सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग, हे म्होरक्याने मनाशी पक्के धरावे.

सारांश, डोंगराचा अवघडपणा पाच गोष्टींनी ठरतो: कातळ, परतीची वाट, हवा, अंतर आणि चालणारा. उंची ही यांपैकी एकही नव्हे. ती फार तर अंतराच्या पोटात येते.

अवघड कोणता ते झाले. आता मोलाचा कोणता? येथे मत ज्याचे त्याचे. परंतु कोणत्या डोंगराने माणसाला काय दिले, एवढे निश्चित सांगता येते. शिहॅलिअन हा १,०८३ मीटरांचा एकुलता, नीटस आकाराचा डोंगर; चढायला सरळ. १७७४ साली मॅस्केलिन या ज्योतिर्विदाने त्याच्या दोन्ही अंगांना मुक्काम ठोकून ओळंब्याची दोरी डोंगराकडे किती ओढली जाते हे मोजले, आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढण्यात आली. उत्तर पाण्याच्या साडेचार पट निघाले. आजचे उत्तर साडेपाच पट. त्या काळच्या साधनांनी इतके जवळ जाणे हे थोडे नव्हे. हा हिशोब करताना चार्ल्स हटन यांनी सारख्या उंचीची ठिकाणे रेषांनी जोडली. आज डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाच्या नकाशावर ज्या समोच्च रेषा असतात, त्यांचा पाया असा या डोंगरावर घातला गेला.

बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ पर्यंत वेधशाळा होती. ती घोडवाट तिच्यासाठीच बांधलेली. १८९४ च्या सप्टेंबरात चार्ल्स विल्सन नावाचा तरुण तेथे काही दिवस कामाला राहिला. खालच्या ढगांवर पडलेल्या आपल्या सावलीभोवती त्याने रंगीत वलये पाहिली. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पावसाळ्यात दिसते ते इंद्रवज्र हेच. तसा ढग प्रयोगशाळेत करून पाहावा म्हणून तो खटपटीस लागला आणि त्यातून सूक्ष्म कणांच्या वाटा दाखवणारी मेघपेटी तयार झाली. तिच्यासाठी त्याला १९२७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

सूल्व्हन हा ७३१ मीटरांचा. मन्रोंच्या यादीत बसतही नाही. पण सुमारे तीनशे कोटी वर्षांच्या जुन्या खडकाच्या ओबडधोबड माळावर तो एकटा, उलट्या पडलेल्या नावेसारखा उभा आहे, आणि जाऊन-येऊन वीस किलोमीटरांची तंगडतोड करून लोक त्याच्यावर जातात. त्याची आणखी एक थोरवी आहे. २००५ साली आसपासच्या लोकांनी आपली संस्था काढून तो डोंगर व भोवतालची सुमारे ४४,००० एकर जमीन विकत घेतली. त्या मुलखातून मागे मेंढ्यांसाठी माणसांना हुसकून लावण्यात आले होते. तेव्हा या खरेदीचा अर्थ नुसत्या पैशात मोजता येणार नाही.

येथे आपण आमच्या मूळ विषयाशी येतो. आमच्या मते साऱ्या ब्रिटनमधला सर्वांत अवघड डोंगर स्कॉटलंडात नव्हता, इंग्लंडात होता; आणि त्याची उंची फक्त ६३६ मीटर. त्याचे नाव किंडर स्काउट. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन कारखानी शहरांच्या मधोमध तो पसरलेला. आठवडाभर गिरणीत आणि पोलादाच्या भट्टीपाशी राबलेल्या माणसाला रविवारी मोकळी हवा हवी, तर ती तेथे होती. परंतु माळ मालकीचा होता. वर्षाकाठी थोडे दिवस पक्ष्यांची शिकार चाले, आणि बारा महिने राखणदार काठ्या घेऊन उभे असत. कातळ नाही, धार नाही, तरी डोंगर चढता येत नव्हता.

२४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे तरुण, त्यांत बरेचसे कामगार, उघडपणे, आधी जाहीर करून त्या माळावर चढले. पुढारी होता बेनी रॉथमन. वय वीस, धंदा मोटार दुरुस्ती, आणि त्या वेळी बेकार. राखणदारांशी झटापट झाली. सहा जणांना पकडले, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्या एका दिवसाने कायदा बदलला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जेम्स ब्राइस यांनी स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी पार्लमेंटात विधेयक आणले होते ते १८८४ मध्ये, आणि ते मंजूर झाले नाही. चालणाऱ्यांच्या जुन्या संस्थांपैकी कित्येकांना १९३२ ची ही धडक पसंतही नव्हती. तरी शिक्षा ऐकून लोक हळहळले आणि मागणीला जोर आला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये तोच मुलूख ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला, २००० मध्ये इंग्लंड-वेल्ससाठी आणि २००३ मध्ये स्कॉटलंडसाठी मोकळ्या डोंगरांवर चालण्याचा हक्क कायद्याने आला. २००२ मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वेळच्या त्या वागणुकीबद्दल जाहीरपणे माफी मागितली.

स्कॉटलंडचा कायदा हक्काबरोबर जबाबदारीही सांगतो: गुरे बुजवू नका, पिके तुडवू नका, घाण करू नका. हे योग्यच आहे. हजारो बूट एका वाटेवर पडले की ओला माळ उखडतो, वाट दहा-दहा हात रुंद होते. मग दगड वर नेऊन, कधी हेलिकॉप्टरने उतरवून, ते हातांनी एकेक बसवणारे कामगार ती वाट सावरतात. वाट चुकलेल्यांना रात्री-अपरात्री शोधायला जातात ती तिकडची बचावपथके बहुतांशी गावोगावच्या स्वयंसेवकांची. माथ्यावर पोहोचलेल्याचे नाव यादीत येते; या लोकांचे येत नाही. पण त्यांच्यावाचून तो माथा पुष्कळांना अगम्यच राहिला असता.

आपल्यापैकी काहींची मुले शिक्षणाला, नोकरीला तिकडे जातात. त्यांना विचारायचे झाले तर आमचे सांगणे असे: आरंभ उन्हाळ्यात ग्लासगोजवळच्या बेन लोमंडपासून करावा, तो ९७४ मीटरांचा; मग शिहॅलिअन, मग बेन नेव्हिस. नकाशा आणि होकायंत्र वापरता येऊ लागल्यावर केर्नगॉर्म. धारेची सवय असलेला सोबती मिळाला तर लीअगाख. अगम्य सुळका वाटाड्यासह. आणि शक्य झाल्यास एखाद्या रविवारी किंडर स्काउट. तेथे चढाला दम लागणार नाही आणि वाटेत कोणी अडवणारही नाही. ती वाट मोकळी व्हायला ब्राइसच्या विधेयकापासून शंभराहून अधिक वर्षे लागली, एवढे चालताना ध्यानात असू द्यावे.